हंगामी कूका

शेवटी एस्कोलास्तिका रोमानियोसला पुरायला आणलं, तेव्हा एस्कोलास्तिका रोमानियोस चर्चच्या पहिल्या बाकावर बसून नाक पुसत होती.

पण असं काही झालेलंच नाही. वाल्देनोगालच्या पंचायतीने तसा ठराव एकमताने केला आहे, आणि पंचायतीच्या ठरावाला आमच्याकडे कोणी विरोध करत नाही, कारण गावचे सरपंच आणि गावातल्या एकुलत्या एका बारचे मालक हे एकच गृहस्थ आहेत. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं वाचकांनी समजावं. आपण सकाळपासून सुरुवात करू. सकाळी खरोखरच काही झालेलं नव्हतं.

सकाळी एवढंच झालं, की सारागोसाहून एक लांबट काळी गाडी आली. तिच्यातून टाय लावलेला एक इसम उतरला, त्याने बारच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवला, एक कॉफी प्यायली आणि संध्याकाळी परत येतो म्हणून निघून गेला. कागदावर छापलं होतं की श्रीमती एस्कोलास्तिका रोमानियोस, वय चौऱ्याऐंशी, सारागोसा मुक्कामी देवाघरी गेल्या असून त्यांच्या इच्छेनुसार आज दहा फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता त्यांचं जन्मगाव वाल्देनोगाल इथे दफन होईल.

सरपंच एउतिमिओंनी चष्मा लावून कागद वाचला. मग चष्मा काढून वाचला.

"एन्कार्ना, ही कोण गं?"

पाव घ्यायला निघालेली एन्कार्ना थांबली. गावातलं कोणाला काय झालं हे तिला त्या माणसाच्या आधी कळतं अशी तिची ख्याती. "एस्कोलास्तिका?" ती म्हणाली. "आपल्यात असली कोणी नाही बाई."

"वय चौऱ्याऐंशी लिहिलंय. जन्म इथलाच."

"टोपणनाव काय लिहिलंय?"

"टोपणनावच लिहिलेलं नाही."

"मग काय कपाळ कळणार कोण मेलं ते!"

एन्कार्नाचं चूक नव्हतं. आमच्या गावात माणसाचं खरं नाव तीनदाच ऐकू येतं. बाप्तिस्म्याला, तेव्हा ते माणूस रडत असतं. लग्नाला, तेव्हा ते घाबरलेलं असतं. आणि काळ्या चौकटीत, तेव्हा त्याची काही तक्रार नसते. एरवी सगळा कारभार टोपणनावांवर. म्हणून आमच्या भागातला छापखानेवाला चौकटीत खऱ्या नावाखाली टोपणनाव न विसरता घालतो, नाहीतर लोक भलत्याच घरी जाऊन रडतात. असं एकदा झालंही आहे, आणि त्या घरच्या आजोबांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. पण शहरातल्या टायवाल्याला हे कोण सांगणार?

शिवाय दफनाला न जाऊन भागत नाही. आपण नाही गेलो, तर आपल्या वेळी कोणी येत नाही. आपल्या वेळी कोणी आलं नाही तर ते आपल्याला कळणार कसं, असा मुद्दा एका मास्तरांनी पूर्वी काढला होता. त्यांची बदली झाली.

एन्कार्नाने पाव राहू दिला आणि गावातल्या म्हाताऱ्या मोजायला निघाली. दार वाजवायचं, आतून आवाज आला की "जिवंत आहेस ना?" विचारायचं, "सध्या तरी," असं उत्तर आलं की पुढचं दार. अशी हजेरी घेत घेत ती शेवटच्या घरी आली. हे घर शेवटी ठेवायचं कारण, तिथे काही शंकाच नव्हती. हे कूकामावशीचं घर.

कूकामावशी हयात म्हाताऱ्यांमध्ये सगळ्यात थोरली. भिजवलेल्या हरभऱ्यांची चाळण मांडीवर घेऊन ती दारातच बसली होती.

"मावशी, तुम्ही आहातच," एन्कार्ना म्हणाली. "एस्कोलास्तिका रोमानियोस म्हणून कोणी वारलीय सारागोसाला. इथे आणतायत. कोण हो ही?"

चाळण कलंडली. हरभरे पायरीवरून उड्या मारत रस्त्यावर गेले.

"ठाऊक नाही," कूकामावशी म्हणाली. आणि हरभरे वेचायला वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

आता हे वाचकांना सांगायला हरकत नाही, कारण गावाला ते अजून कळायचं आहे. कूकामावशीचं खरं नाव एस्कोलास्तिका रोमानियोस.

कूका या नावाचा अर्थ काय, यावर गावात जुनी मतं आहेत. जे मावशीच्या लोभातले ते म्हणतात कूका म्हणजे गोजिरी. ज्यांनी तिच्याशी पत्ते खेळले आहेत ते म्हणतात कूका म्हणजे लबाड. कोबी लावणारे म्हणतात की कूका ही एक अळी असते आणि ती पानं खाते. पण मावशीने स्वतः दिलेली व्युत्पत्ती राजेशाही होती. "माझं नाव रेइना," ती बोट वर करून सांगायची. "रेइना म्हणजे राणी. लाडाने रेइनुका. त्याचं झालं कूका." बोट वर केलेल्या बाईला पुरावा कोण मागतो? आणि आमच्याकडे वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस मोठा. रेइनाच्या नावाचा दिवस, म्हणजे स्वर्गाच्या राणीचा सण, येतो बावीस ऑगस्टला.

ऑगस्टात आमचं गाव गाव असतं. बिल्बाओ, बार्सिलोना, कुठे कुठे गेलेली सगळी पोरं बायकापोरांसकट परत येतात. बावीस तारखेला शेजारच्या गावचा बँड कूकामावशीच्या खिडकीखाली वाजतो, एन्कार्ना बदामाचा केक करते, मावशी दारात बडीशेपेच्या दारूचे पेले भरते आणि अख्खं गाव रांग लावून तिच्या गालांचे मुके घेतं. पंचायतीने तर तिच्या दारावर निळ्या अक्षरांची फरशी बसवली आहे: "आमची राणी इथे राहते." संत एस्कोलास्तिकेचा दिवस येतो दहा फेब्रुवारीला. तेव्हा गावात माणसं कमी आणि खोकले जास्त. बँडवाल्यांचे ओठ पितळेला चिकटतात. सरपंच अर्ध्या चड्डीत होते तेव्हाच मावशीने या दोन्ही तारखा नीट पाहिल्या होत्या आणि जाणत्या बाईने जो निर्णय घ्यावा तो घेतला होता. तिचं खरं नाव ठाऊक असलेले गावातले सगळे आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत, आणि ती सगळी माणसं भरवशाची. दवाखान्यात नर्स नुसतं "रोमानियोस" ओरडते, तेव्हा अर्धा दवाखाना उठतो. त्यात कोण कुठली रोमानियोस हे कोणी बघत नाही.

आणि आज गेलेली ती दुसरी एस्कोलास्तिका? ती मावशीची चुलत बहीण. आमच्याकडे थोरल्या नातीला आजीचं नाव द्यायचं असतं. दोन भाऊ, दोघांना थोरली मुलगी, एक आजी. एका घरात दोन एस्कोलास्तिका. त्यातली एक आईबापांबरोबर सारागोसाला गेली, हातमोज्यांच्या दुकानात तिने जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर कूकामावशीला फोन केला. मागच्या वेळी एका जुन्या गोष्टीवरून दोघींचं वाजलं होतं. नंतर फोन आला नाही. रुसली असेल, रुसू दे, असं मावशी म्हणाली होती.

आता "ती माझी चुलत बहीण" एवढं म्हणायला काय जात होतं? सगळंच. चुलत बहीण म्हटलं, की आजी एक, आणि आजी एक म्हटलं, की थोरल्या नातींची नावं एक. एवढं गणित एन्कार्ना उभ्या उभ्या करते. मग राणी गेली, बँड गेला, ऑगस्ट गेला.

मावशीने काळी शाल घेतली आणि बारमध्ये जाऊन बसली. लोक काय बोलतात ते ऐकावं, दफनाला मागच्या बाकावर बसावं, घरी येऊन रडावं, असा तिचा बेत होता. बेत चांगला होता. पण आमच्या गावाला आपल्याच गावचं माणूस आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करण्याची सवय नाही.

"आठवली!" एन्कार्ना म्हणाली. "उंच होती. लाल शाल घ्यायची."

"उंचच," एक जण म्हणाला. "त्या घरातले सगळेच उंच." कुठलं घर हे कोणी विचारलं नाही.

"ती उंच नव्हती," कूकामावशी म्हणाली.

"कोण मावशी?"

"जी कोण असेल ती. त्या काळात कोणीच उंच नव्हतं. खायला काय होतं?"

सरपंच कपबश्या पुसता पुसता थांबले. "मला लहानपणी अंजिरं द्यायची. कुंपणावरून. बहुतेक तीच. हात आठवतो फक्त."

सगळा बार हळहळला. एकाला अंजिरं मिळाली म्हटल्यावर बाकीचे मागे कसे राहणार? तोमास डावरा इतका वेळ डॉमिनो मांडत होता. त्याने सोंगटी आपटली.

"अरे, खेचरवाल्याबरोबर पळाली ती हीच की!"

"अगं बाई! हीच का ती?"

"हीच. माझ्या आईने सांगितलेलं."

"ती कोणाबरोबर पळाली नाही!" कूकामावशीचा पेला टेबलावर आपटला. "आईबाप घेऊन गेले तिला सारागोसाला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"कागदावर सारागोसा लिहिलंय ना?"

"आईबाप नाही लिहिलेले."

"आईबाप सगळ्यांनाच असतात, एन्कार्ना."

यावर एन्कार्नाने थोडा विचार केला आणि तो भलत्याच दिशेने गेला. "बघा हं, मी कोणावर आळ घेत नाही. पण चर्चमधल्या मारियामातेचा डावा डूल कधी हरवला? त्याच सुमाराला. खेचरवाल्याबरोबर जायचं म्हणजे हाताशी काहीतरी हवंच की बाईमाणसाला."

कूकामावशीने डोळे मिटले. जी बाई रुमालसुद्धा इस्त्री केल्याशिवाय वापरत नसे, जिने उभ्या जन्मात दुकानातला एक हातमोजा घरी नेला नाही, ती दुपारच्या जेवणाआधी उंच झाली होती, पळाली होती आणि आता मारियामातेचे दागिने चोरत होती. अजून तासभर गेला असता तर तिने घोडदळाशी झुंज दिली असती.

"बिचारी," सरपंच म्हणाले. "कागदावर एक नातेवाईक नाही. पहिल्या बाकावर कोण बसणार?"

"कोणीच नाही. मोकळाच राहणार तो."

"पंचायतीतर्फे मी बसतो."

"तू तिचा कोण?"

"मी अंजिरं खाल्लीयेत."

कूकामावशी उठली आणि बाहेर गेली. जाताना ती बारच्या मधोमध, जिथे फरशी जराशी खचलेली आहे, तिथे थांबली आणि खाली बघत राहिली. तिथे पूर्वी गावची विहीर होती. सरपंचांच्या वडिलांनी ती बुजवून तिच्यावर बार बांधला. म्हाताऱ्या माणसांना असं मध्येच थांबायची सवय असते म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

फादर एवेलिओंकडे सात गावं आणि एक जुनी गाडी. ते नेहमी उशिरा येतात आणि कोण गेलं हे वाटेत बारमध्ये विचारून घेतात. "तीन वाक्यं द्या," ते आजही म्हणाले, कॉफी उभ्यानेच घेत. बारने त्यांना सढळ हाताने दिली.

पाच वाजता चर्च भरलं. बाहेर भुरभुर बर्फ होतं. शवपेटी लहानशी होती. उंच बाईला ती कशी पुरली, असं तोमास डावरा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला. पहिल्या बाकावर सरपंच एकटे, मांडीवर टोपी. कूकामावशी ठरल्याप्रमाणे मागे.

"प्रिय बंधुभगिनींनो," फादर म्हणाले, "आपली ही उंच बहीण आज घरी परतली. कोवळ्या वयात हिचं मन एका खेचरात गुंतलं…"

"खेचरवाल्यात," सरपंच पुटपुटले.

"…खेचरवाल्यात गुंतलं. चुका कोणाच्या होत नाहीत? माता मारियेचा डूल हिने नेला असेलही. पण मातेचं मन मोठं असतं. शिवाय मातेला आता एका डुलाची सवय झाली आहे. मी एवढंच म्हणेन, की जिला जगात कोणीही नव्हतं…"

"फादर, पुरे!"

सगळ्या माना मागे वळल्या. कूकामावशी उभी होती. काठी टेकत ती मधल्या वाटेने पुढे आली आणि सरपंचांसमोर थांबली.

"ऊठ."

"मावशी, मी पंचायतीतर्फे…"

"ऊठ म्हणते ना! ही जागा घरच्यांची आहे."

सरपंच उठले. मावशी बसली नाही. शवपेटीवर हात ठेवून ती गावाकडे वळली.

"ही माझी चुलत बहीण. उंच नव्हती, माझ्याएवढीच होती. पळाली नाही. डूल चोरला नाही. तो तुझ्या आजीच्या वेणीत अडकून गेला होता, एन्कार्ना, आणि आजीने तो परत आणला नाही. आणि ए बैला, ती अंजिरं तुला मी द्यायचे!"

"तरीच," सरपंच म्हणाले. "हात ओळखीचा वाटत होता."

एन्कार्नाने आजीचं काहीच मनाला लावून घेतलं नाही. ती गणित करत होती. तिची बोटं हलताना दिसत होती. "थांबा हं. चुलत बहीण. म्हणजे आजी एक. म्हणजे थोरली नात… मावशी! तुम्ही पण थोरल्याच ना हो?"

मावशीने काठी बाकाला टेकवली.

"हो," कूकामावशी म्हणाली. "मी पण एस्कोलास्तिका."

"मग रेइना?"

"रेइना कोणी नाही."

"मग कूका कोण?" सरपंचांनी विचारलं. इतकी वर्षं गावात नांदलेली बाई अचानक नाहीशी झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"कूका बाहुली होती," मावशी म्हणाली.

मग तिने ते सांगितलं. बाहुली या बहिणीची. चिनी मातीचं डोकं, मिटणारे डोळे, गावात तशी दुसरी नाही. मावशीने ती न विचारता घेतली, विहिरीत आकाश दाखवायला म्हणून वाकली, आणि बाहुलीने आकाश जवळून बघितलं. बहीण दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने निकाल दिला: तू माझी कूका बुडवलीस, आता ती वर येईपर्यंत तूच कूका. मग रोज ती मावशीची वेणी घालायची, तिला मांडीवर निजवायची, आणि "डोळे मीट" म्हटलं की मावशीने डोळे मिटायचे. एका घरात दोन एस्कोलास्तिकांची हाक मारताना होणारी पंचाईतही मिटली, म्हणून मोठ्यांनी तेच नाव चालू ठेवलं.

"ती वर आलीच नाही," मावशी म्हणाली. "शेवटच्या फोनवर मी तिला म्हटलं, सुटले का गं मी आता? म्हणाली, नाही. मी चिडले. म्हटलं, एवढ्याशा बाहुलीसाठी अजून किती? आणि फोन ठेवला." तिने नाक पुसलं. "ठेवायला नको होता."

ती पहिल्या बाकावर बसली. फादर एवेलिओंनी घसा साफ केला, पुस्तकात बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि अतिशय अडचणीत सापडलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले:

"आज दहा फेब्रुवारी. आज संत एस्कोलास्तिकेचा दिवस."

गावाने एकमेकांकडे पाहिलं. शोक झाला असेल तर सांत्वन करायचं असतं. नावाचा दिवस असेल तर अभिनंदन करायचं असतं. दोन्ही चुकवणं म्हणजे माणुसकी सोडणं. पण दोन्ही एकाच बाईला, एकाच वेळी?

एन्कार्नानेच वाट काढली. ती पुढे गेली, वाकली, मावशीच्या डाव्या गालाचा मुका घेत म्हणाली, "फार वाईट झालं हो मावशी," आणि उजव्या गालाचा घेत म्हणाली, "आणि शुभेच्छा."

मुके आमच्याकडे तसेही दोनच असतात. त्यामुळे काही अडलं नाही. तिच्यामागे रांग लागली, ऑगस्टातल्यासारखीच. डावीकडे शोक, उजवीकडे आनंद. तोमास डावऱ्याने डावरा असल्यामुळे उलटं केलं, पण मावशीने चालवून घेतलं. शेवटी सरपंच आले.

"मावशी, मग ऑगस्टात आम्ही बँड कोणासाठी वाजवायचा?"

"नका वाजवू," मावशी म्हणाली.

"बँडवाल्यांना सांगून झालंय पण."

"आणि मी बदाम सोलून ठेवलेत," एन्कार्ना म्हणाली. बदाम तिने सोललेले नव्हते, फेब्रुवारीत कोण सोलतं?

त्याच आठवड्यात पंचायत बसली. मावशीच्या दारावरची राणीची फरशी काढायची तर भिंतीचा गिलावा जातो आणि आत पोपडे धरलेले आहेत. म्हणून ठराव झाला, की दहा फेब्रुवारीला चर्चमध्ये कोणी काही बोललं नाही, कोणी काही ऐकलं नाही, आणि बावीस ऑगस्ट आहे तसा राहील. मात्र जे झालंच नाही त्याची आठवण म्हणून दर दहा फेब्रुवारीला कूकामावशीने गावाला गरम चॉकलेट पाजावं. मावशीने हे मान्य केलं. थडग्यावरच्या दगडात नाव कोरलं गेलं तेव्हा ती टेकडीवर जाऊन बघून आली आणि खूश झाली. "माझ्या वेळी नुसतं सरकवा तिच्या शेजारी," ती म्हणाली. "नाव कोरायचं काम झालेलंच आहे."

एका बाबतीत मात्र ती अडून बसली आहे. तिने पंचायतीकडे रीतसर अर्ज दिला आहे. तो सरपंचांनी बारमध्ये, दारूच्या बाटल्यांच्या मागे, नीट लावून ठेवला आहे, आणि कोणी मागितला की ते तो वाचून दाखवतात:

"प्रति, माननीय सरपंच, वाल्देनोगाल. विषय: कूका परत मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपल्या मालकीचा बार पाडून त्याखालील सार्वजनिक विहीर उपसण्यात यावी व तळाशी असलेली मूळ कूका, डोळे मिटत असोत वा नसोत, वर काढून कै. एस्कोलास्तिका रोमानियोस यांच्या शेजारी ठेवण्यात यावी. सदर काम पूर्ण होईपर्यंत अर्जदार कूका या पदावर हंगामी स्वरूपात राहील, आणि त्याबद्दल तिची कसलीही तक्रार असणार नाही. आपली विश्वासू, एस्कोलास्तिका रोमानियोस, हंगामी कूका."